बर्मिंगहॅमपासून आपल्या दफनभूमीपर्यंत : मंडळीत न्यायाचा अभ्यासवर्ग कसा चालवावा

रविवारच्या उपासनेत अमेरिकेतील वंशभेदाविरुद्ध संदेश दिला, तर आपल्याकडे कोणीही नाराज होत नाही. गोऱ्या ख्रिस्ती लोकांनी काळ्या ख्रिस्ती लोकांना कसे वागवले हे ऐकताना मंडळी हळहळते, माना डोलावते आणि शेवटचे गीत म्हणून समाधानाने घरी जाते. त्याच व्यासपीठावरून आपल्या मंडळीत सोयरिकी कोणाच्या कोणाशी होतात आणि कोणाच्या कधीच होत नाहीत, एवढेच कोणी विचारले, तर मात्र सोमवारी सकाळी पाळकांच्या दारात चपलांची रांग लागते. पहिल्या प्रकारच्या रविवारपासून दुसऱ्या प्रकारच्या रविवारपर्यंत मंडळी न फुटता कशी चालत जाईल, हा या लेखाचा विषय आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी असे चार वर्ग चालवले. त्यांपैकी तीन बऱ्यापैकी पार पडले आणि एक पुरता फसला, तोही माझ्याच चुकीने. पुढील सूचना प्रोटेस्टंट मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. कॅथलिक धर्मग्रामात समित्यांची नावे आणि अधिकार वेगळे असतात, त्यामुळे तेथील वाचकांनी त्या आपल्या रचनेत बसवून घ्याव्यात.

बैठकीआधीची तयारी

सर्वप्रथम पाळकांची संमती घ्यावी, मात्र वर्ग पाळकांकडे सोपवू नये. त्यांची बदली होऊ शकते, त्यांचे मानधन मंडळीच्या वर्गणीवर अवलंबून असते आणि एखाद्या घराण्याचा रोष ओढवला तर त्याची झळ त्यांच्या मुलाबाळांना लागते. शिवाय पाळक समोर बसले की माणसे आपले मत सांगण्याऐवजी पाठ असलेली वचने सांगू लागतात, असा माझा अनुभव आहे. पाळकांनी इतरांसारखेच एक सभासद म्हणून बसावे आणि प्रार्थनेची पाळीसुद्धा फिरती ठेवावी.

दहा ते चौदा माणसे पुरेशी होतात. नावे ठरवताना महिला मंडळाच्या अध्यक्षा, तरुण संघाचा चिटणीस आणि मंडळीचा कारभार पाहणारे दोन जुने पंच अशी नेहमीची यादी आपोआप तयार होते. ती तशीच ठेवली तर वर्ग म्हणजे पंचांचीच दुसरी सभा होईल. पंचांच्या यादीत ज्यांचे नाव कधीच आलेले नाही अशी निदान चार माणसे त्यात असावीत, आणि चर्चची झाडलोट करणारी, घंटा वाजवणारी किंवा दफनासाठी खड्डा खणणारी व्यक्ती तयार असेल तर तिला आवर्जून बोलवावे. मंडळीतील भेद अशा माणसांना आपल्यापेक्षा फार आधी दिसलेले असतात.

सहा बैठका घ्याव्यात, शक्यतो ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, आठवड्यातून एक आणि प्रत्येक वेळी वेगळ्या घरी. कोणाच्या घरी बैठक ठरली की कोणाला अचानक काम निघते, ही या वर्गातली पहिली नोंद असते. ती मनात टिपून ठेवावी, बोलून दाखवू नये. पंचांची निवडणूक तोंडावर असताना वर्ग मुळीच सुरू करू नये, कारण मग प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी प्रचारात जमा होते.

कायद्याच्या दोन गोष्टीही आधीच सर्वांना सांगाव्यात. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखण्यासाठी १९८८ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने धार्मिक संस्थेची जागा राजकीय कार्यासाठी वापरण्यास मनाई केली आहे, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावावर मते मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते. न्यायाविषयीचा अभ्यास म्हणजे पक्षाचे काम नव्हे. परंतु चौथ्या बैठकीला कोणी ‘सहज’ म्हणून भावी नगरसेवकाला सोबत घेऊन आले, तर हा फरक गावाला समजावून सांगणे अवघड होते. बाहेरच्या पाहुण्याचे नाव एक आठवडा आधी सर्वांना कळवण्याचा नियम पाळला, तर हा प्रसंग टळतो.

याहून नाजूक गोष्ट गुप्ततेची आहे. आपल्या अनेक मंडळ्यांत अशी कुटुंबे असतात, जी उपासनेला नियमित येतात, पण ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर आणि जातीच्या प्रमाणपत्रावर वेगळीच नोंद असते. ती नोंद का आहे, हे त्या घरातील मुलाची फी किंवा नोकरी ठरवत असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, ख्रिस्ती श्रद्धा पाळणाऱ्या व्यक्तीला केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असा निकाल दिल्यापासून या कुटुंबांची धास्ती वाढली आहे. म्हणून वर्गात फोटो काढू नयेत, हजेरीचा कागद फिरवू नये, इतिवृत्तात बोलणाऱ्यांची नावे लिहू नयेत आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप समूहावर वर्गाविषयी एक ओळही टाकू नये. कोणाची मूळ जात विचारण्याचा अधिकार वर्गातील कोणालाही नाही, चालकालाही नाही.

हा शेवटचा नियम मी चूक करून शिकले. माझ्या दुसऱ्या वर्गात ओळख व्हावी म्हणून मी प्रत्येकाला, आपल्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कोणी आणि कोणत्या गावी घेतला, हे सांगायला सांगितले. माझ्या मते तो निरुपद्रवी प्रश्न होता. तीन-चार जणांनी आजोबा-पणजोबांच्या कथा रंगवून सांगितल्या, आणि मग एक वयस्कर गृहस्थ हातातल्या बायबलची पाने उलटत बसले. गावाच्या नावापाठोपाठ वस्तीचे नाव येते, वस्तीच्या नावापाठोपाठ जात येते, आणि ज्यांच्या कथा ऐकायला गोड लागत होत्या त्या सगळ्यांची वस्ती एकच होती, हे मला त्या क्षणी उमगले. ते गृहस्थ पुढच्या बैठकीला आले नाहीत, त्यांच्यामागे आणखी तिघे थांबले आणि वर्ग बंद पडला.

आरसा दुरून दाखवावा

पहिली बैठक परक्या देशाची ठेवावी. माणसाला स्वतःचा चेहरा एकदम दाखवला की तो आरशाचीच खोड काढतो. यासाठी बर्मिंगहॅमच्या प्रसंगाइतका उपयुक्त प्रसंग मला दुसरा सापडलेला नाही.

बैठकीच्या सुरुवातीला काहीही प्रास्ताविक न करता एका पत्रकाचा आशय मराठीत वाचून दाखवावा. शहरात अन्याय आहे हे आम्हाला मान्य आहे, लोक अधीर झाले आहेत हेही समजते. तरीही या वेळी रस्त्यावर उतरणे शहाणपणाचे आणि समयोचित नाही. या आंदोलनामागे काही प्रमाणात बाहेरची माणसे आहेत. हक्क डावलले जात असतील तर न्यायालयात जावे आणि स्थानिक लोकांनी आपापसात बोलणी करावीत. पोलिसांनी शांतपणे परिस्थिती हाताळली याबद्दल त्यांचे कौतुक करावे, असा तो आशय आहे. पत्रक कोणाचे आणि कोठले, हे सांगू नये. आपल्या मंडळीने अशा पत्रकावर सही केली असती का, एवढेच विचारावे आणि हात वर करायला सांगावेत. माझ्या प्रत्येक वर्गात निम्म्याहून अधिक हात वर झाले, आणि सर्वांत आधी वर गेलेले हात मंडळीतील समंजस समजल्या जाणाऱ्या माणसांचे होते.

मग स्थळ आणि काळ सांगावा. १२ एप्रिल १९६३ चा तो उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) होता. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांना मनाई हुकूम मोडून मोर्चा काढल्याबद्दल अटक झाली, आणि त्याच दिवसाची तारीख असलेले हे पत्रक शहरातील आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांनी काढले. त्यांत एपिस्कोपल आणि मेथडिस्ट बिशप होते, एक कॅथलिक बिशप होते, प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट पाळक होते आणि एक यहुदी रब्बी होते. हे लोक दुष्ट नव्हते, हे वर्गाला स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत यांच्यापैकी बहुतेकांनी, वंशभेद संपवणारे न्यायालयाचे निकाल पाळावेत असे आवाहन केले होते आणि त्या वातावरणात तेवढे बोलायलाही धैर्य लागत होते. किंग यांनी कोठडीतून त्यांना उत्तर लिहिले, त्याची सुरुवात वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर झाली. १६ एप्रिल ही तारीख असलेल्या त्या पत्रात त्यांनी आपली खरी निराशा उघड शत्रूंबद्दल नसून, न्यायापेक्षा शांततेला अधिक जपणाऱ्या सौम्य गोऱ्या माणसाबद्दल, आणि त्यापाठोपाठ चर्चबद्दल व्यक्त केली. ‘थांबा’ या शब्दाचा अर्थ काळ्या माणसासाठी बहुतेक वेळा ‘कधीच नाही’ असाच निघत आला आहे, हा त्यांचा मुद्दा वर्गात हळू वाचावा.

त्यानंतर काय घडले, हेही सांगावे. ज्या पोलिसांचे पत्रकात कौतुक झाले होते, त्यांनी तीन आठवड्यांच्या आत शाळकरी मुलांच्या मोर्च्यावर कुत्री सोडली आणि आगीच्या बंबाच्या पाण्याचे झोत मारले गेले. १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मरण पावल्या. येथे थांबावे आणि ज्यांनी हात वर केले होते त्यांना काहीही विचारू नये. चहा द्यावा.

किंग यांच्याविषयीच्या कौतुकात वर्ग अडकून पडण्याचा धोका मोठा आहे. त्यांची तसबीर लावायला काहीच लागत नाही. ते आपल्या गावी आले असते तर त्यांना ‘बाहेरचे’ कोण म्हणाले असते, हा प्रश्न मात्र पुढच्या बैठकीपर्यंत घरी नेण्यासारखा आहे.

वंश आणि जात यांच्यातला पूल

पूल बांधायला फार वेळ घालवू नये, तो आधीच बांधलेला आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये काळ्या अमेरिकनांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले. १९५९ च्या भारतभेटीत किंग त्रिवेंद्रममधील एका शाळेत गेले असता, जिथे पूर्वास्पृश्य मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य अशी करून दिली. किंग आधी दचकले आणि मग आपण खरोखरच ते आहोत असे त्यांना वाटले, ही आठवण त्यांनी स्वतः पुढे एका उपदेशात सांगितली.

तरीही दोन्ही गोष्टी एकच आहेत असे शिकवू नये. कातडीचा रंग डोळ्यांना दिसतो. आपल्या मंडळीतील भेद आडनावात, गावाच्या बाजूत, लग्नाच्या बोलणीत आणि पंगतीच्या क्रमात दडलेला असतो, म्हणून ‘आमच्यात जात नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणारी माणसेही भेटतात. ती खोटे बोलत नसतात, त्यांना तो भेद कधी अडलेला नसतो.

या दोन्ही ठिकाणांना जोडणारा खरा धागा मला दक्षिण आफ्रिकेत सापडतो, आणि दुसरी बैठक मी त्यावरच घेते. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, १८५७ साली असा ठराव केला की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे अडथळा येतो तिथे वेगळी उपासना चालवता येईल. म्हणजे तत्त्व शाबूत ठेवून सवलत दिली. १८८१ पर्यंत मिश्रवर्णीयांसाठी स्वतंत्र चर्चच उभे राहिले, आणि पुढे विसाव्या शतकात वर्णभेदाच्या राजवटीला याच परंपरेतून धर्मशास्त्राचा आधार मिळाला. त्या वेगळ्या काढलेल्या चर्चने १९८२ मध्ये बेल्हार येथे विश्वासाचा एक जाहीरनामा मांडला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. ज्यांच्यापासून वेगळे होण्याची सवलत मागितली गेली होती, त्यांनीच एकतेचे धर्मशास्त्र लिहिले.

हे सांगून झाल्यावर वर्गाला विचारावे : आपल्या मंडळीत कोणाच्या दुर्बलतेसाठी कोणती सवलत चालू आहे? उत्तरे यायला वेळ लागतो, पण येतात. म्हाताऱ्यांना बरे वाटावे म्हणून, पाहुण्यांसमोर उगाच बोभाटा नको म्हणून, मुलीचे लग्न अडू नये म्हणून चाललेल्या गोष्टी एकामागून एक पुढे येतात. भारतात हा वाद नवा नाही, हेही येथे सांगता येईल. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या मंडळ्यांतून पुष्कळ लोक बाहेर पडले. १८५० मध्ये मद्रासच्या मिशनऱ्यांच्या परिषदेने जात खरोखर सोडली की नाही याची कसोटी एकत्र भोजनाला लावली. कोणाच्या हातचे अन्न चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हे विचारले की बाकीचे वाद बाजूला पडतात, असे त्यांना वाटले असावे, आणि ते बरोबरच होते.

वर्ग फार गंभीर होऊ लागला तर लक्ष्मीबाई टिळकांची मदत घ्यावी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी. मधल्या काळातील स्वतःच्या सोवळ्याची फजिती त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःवर हसत सांगितली आहे. जात एका प्रार्थनेत गळून पडत नाही, ती एकेका भांड्यागणिक सुटते, हे त्या पानांतून कोणाला न दुखवता कळते.

कोणते शास्त्रपाठ घ्यावेत

चर्चा रंगात आली की कोणीतरी गलतीकरांस पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे अठ्ठाविसावे वचन म्हणते : ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. ते ज्या सुरात म्हटले जाते तो सूर विषय संपवण्याचा असतो. त्या क्षणी वाद घालू नये. फक्त त्याच पत्राचा दुसरा अध्याय अकराव्या वचनापासून काढायला सांगावे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, परंतु यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली तेव्हा तो पंगतीतून मागे सरला, त्याच्यामागे इतर यहूदी सरले आणि बर्णबासुद्धा त्यांच्यात ओढला गेला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला विरोध केला. पेत्राची शिकवण चुकलेली नव्हती, त्याचे जेवणाचे ताट हलले होते, आणि पौलाच्या मते तेवढ्याने सुवार्तेचे सत्य बिघडले. तिसऱ्या अध्यायातील थोर वचन दुसऱ्या अध्यायातील या भांडणापाठोपाठ येते.

हा पाठ आळीपाळीने मोठ्याने वाचावा आणि पाळकांना भाष्य करू देऊ नये. त्यानंतर एकच प्रश्न ठेवावा : त्या पंगतीत मागे राहिलेल्या परराष्ट्रीयांनी, पेत्र उठून गेल्यावर, समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून काय म्हटले असेल? पौलाने ते लिहून ठेवलेले नाही. माझ्या तिसऱ्या वर्गात धुणीभांडी करणाऱ्या एका बाई म्हणाल्या, “काही म्हटले नसतील, त्यांना सवय असेल.” त्या दिवशी आम्ही पुढचा पाठ घेतलाच नाही.

दुसरा पाठ प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. रोजच्या वाटपात हेल्लेणी यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार खोटी ठरवली नाही, विधवांना सहन करण्याचा उपदेश केला नाही आणि एकतेचे भाषणही दिले नाही. त्यांनी व्यवस्था बदलली. सात जण निवडले गेले आणि स्तेफनापासून अंत्युखियाच्या निकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे हेल्लेणी आहेत. तक्रार करणाऱ्यांच्याच हाती वाटपाची पळी गेली, असे त्यावरून दिसते. पंचांच्या सभेत हा अध्याय वाचून दाखवण्याचे धाडस झाले, तर अर्धा वर्ग सत्कारणी लागला असे मी समजते.

याकोबाच्या पत्रातील सोन्याची अंगठी घातलेला पाहुणा आणि आमोसाचा पाचवा अध्याय हे पाठही उपयोगी आहेत, पण ते मंडळीला पाठ असतात. पाठ असलेल्या वचनांवर माणसे बोलतात फार आणि पाहतात कमी.

मंडळीचे दप्तर उघडणे

चौथ्या बैठकीत मते बाजूला ठेवून कागद हाती घ्यावेत. पंचांच्या परवानगीने मागील वीस वर्षांच्या पंचांच्या याद्या, शब्बाथशाळेच्या शिक्षकांची नावे, विवाहनोंदी आणि दफनाची नोंदवही पाहावी. जाती मोजू नयेत, घराणी आणि वस्त्या मोजाव्यात. त्याने कोणाचे गुपित उघडे पडत नाही आणि चित्र मात्र दिसते. एकाच वस्तीतील तीन घराण्यांत पंचपद फिरत असेल, तर ते वीस वर्षांच्या यादीत शाळकरी मुलालाही दिसेल.

दफनभूमीत मात्र प्रत्यक्ष जावे. सर्वांनी मिळून, सकाळच्या वेळी, कोणतेही भाषण न करता एक फेरी मारावी. फाटकाजवळ कोणाच्या कबरी आहेत, भिंतीकडच्या पाणी साचणाऱ्या भागात कोणाच्या आहेत, कोणत्या कबरींवर नावे कोरलेली आहेत आणि कोठे नुसते दगड आहेत, हे पाहिल्यावर वर्गातील आवाज आपोआप खाली येतो. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती लोकांच्या कबरी वेगळ्या काढणारी भिंत असल्याचे वाचून आपण चकित होतो. आपल्याकडे भिंत क्वचितच असते, तिची गरज पडलेली नसते.

नोंदवहीत न सापडणाऱ्या गोष्टी बायकांना विचाराव्यात. नाताळच्या प्रीतिभोजनात स्वयंपाकाला कोण असते, वाढायला कोण असते आणि भांडी घासायला मागच्या दारी कोण बसते, ही माहिती कोणत्याही इतिवृत्तात नसते, पण महिला मंडळातील प्रत्येकीला तोंडपाठ असते.

राजकारण कोठे आणि कसे आणावे

पाचव्या बैठकीपर्यंत कोणीतरी विचारतेच, की हे सगळे ठीक, पण सरकारने आमच्यावर केलेल्या अन्यायाचे काय? प्रश्न रास्त आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, आणि २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला.

वर्गात हे सांगताना त्यातली अडचणही सांगावी लागते. सरकारपुढे आपण म्हणतो की बाप्तिस्म्याने जात जात नाही, आमचे लोक आजही तिचे चटके सोसतात, म्हणून त्यांना संरक्षण द्यावे. मंडळीत मात्र म्हणतो की आमच्यात जात नाही, उगाच फूट पाडू नका. दिल्लीत एक साक्ष आणि गावात दुसरी, असे फार काळ चालत नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चच्या आतही अस्पृश्यता आणि भेदभाव आहे, हे मान्य केले. निवेदन देण्याआधी प्रत्येक मंडळीने आपल्यापुरती अशी कबुली लिहावी, असे माझे मत आहे. त्याने निवेदनाचे वजन वाढते, घटत नाही.

निवेदन लिहायचेच तर ते मागणीपुरते ठेवावे, पक्षाचे नाव घेऊ नये आणि ते सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना एकाच मजकुराने द्यावे. वर्गात वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसे असणारच. सत्तेच्या अधीन राहा असे सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय एकाने काढला, तर दुसऱ्याने सत्तेला श्वापदाच्या रूपात दाखवणारा प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय काढावा आणि दोन्ही एकाच नव्या करारात आहेत हे मान्य करून पुढे जावे. राज्यसत्तेविषयीचा तो वाद सहा बैठकांत मिटणारा नाही.

या बैठकीला एखाद्या बौद्ध शेजाऱ्याला बोलवावे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती आणि बौद्ध घरे पुष्कळदा एकाच भावकीतली असतात. आजोबा एक आणि वाटा दोन, असे असते. ख्रिस्ती झालेला समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला पुढे येत नाही, अशी टीका डॉ. आंबेडकरांनी केली होती. ती टीका पुस्तकातून वाचण्यापेक्षा शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेली बरी, आणि ती ऐकताना त्याला सुवार्ता सांगण्याचा मोह आवरावा.

वाद पेटल्यास

कोणीतरी म्हणेल, “जुनी मढी कशाला उकरता?” त्याला उत्तर देण्याची घाई करू नये. असे म्हणणाऱ्यांत त्रास देणारेही असतात आणि त्रास सोसून कसेबसे सावरलेलेही असतात, आणि दोघांना एकच उत्तर चालत नाही. सावरलेल्या माणसाला, तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, असे स्पष्ट सांगावे. तरुण मंडळी नावे घेऊन हिशेब मागू लागतात, तेव्हा त्यांना गप्प न करता त्यांची ऊर्जा दप्तराच्या कामाला लावावी. आणि रडू कोसळलेल्या माणसासाठी लगेच प्रार्थना सुरू करू नये. प्रार्थनेसाठी डोळे मिटले की त्या माणसाचे पुढचे वाक्य बऱ्याचदा कायमचे राहून जाते.

शेवटच्या बैठकीत ठराव लिहावा

ठराव एकच असावा आणि तो मंडळीच्या स्वतःच्या अधिकारातला असावा. ‘आम्ही सर्व प्रकारच्या भेदभावाचा निषेध करतो’ अशी वाक्ये लिहू द्यायची नाहीत, असे वर्गाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावे. दफनभूमीत यापुढे जागा मृत्यूच्या क्रमानेच मिळेल. पंचांत प्रत्येक वस्तीतून निदान एक सभासद घेतला जाईल. कोणत्याही पंचाला सलग दोन मुदतींनंतर एक मुदत थांबावे लागेल. अशा स्वरूपाचा ठराव चालतो. तो केव्हापासून लागू होणार आणि त्याची अंमलबजावणी कोण पाहणार, हे त्यातच लिहावे, म्हणजे वार्षिक सभेत तो इतिवृत्तात येतो आणि पुढच्या वर्षी विचारणा करता येते. मंडळीच्या घटनेत बदल करावा लागत असेल, तर विश्वस्त नोंदणीच्या दृष्टीने काय करावे लागेल हे वकिलाला आधी विचारून घ्यावे.

माझ्या शेवटच्या वर्गाने दफनभूमीचा ठराव मांडला होता आणि वार्षिक सभेत तो पुढच्या वर्षावर ढकलला गेला. दुसरा, छोटा ठराव मात्र कोणी फारसे लक्ष न दिल्यामुळे मंजूर झाला. त्यानुसार प्रीतिभोजनाच्या दिवशी भांडी घासणाऱ्यांची यादी चिठ्ठ्या टाकून ठरते आणि चर्चच्या पुढच्या दारावर लावली जाते. पहिल्या वर्षी त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पंचांच्या चिटणीसांचे नाव निघाले. ते बाह्या सरसावून मागच्या दारी गेले आणि राख कोठे ठेवलेली असते, हे त्यांना तिथे बसलेल्या बाईंना विचारावे लागले.